लाल बटण एवढं मोठं का

नील आणि ईरा,

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला आमच्या कंपनीची बांबूची साइट दाखवली, तेव्हा नील म्हणाला, "आजी, हे लाल बटण एवढं मोठं का? डिझाइन चुकलंय." त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या नव्या डिझायनरनेही हेच विचारलं. साइट नव्याने बांधायचं काम चालू आहे आणि तिच्या यादीत "लाल बटण लहान करणे" असं लिहिलेलं होतं. दोन हुशार माणसं एकाच आठवड्यात एकच प्रश्न विचारतात, तेव्हा उत्तर कागदावर असलेलं बरं. एक प्रत तिला दिली. ही तुमची.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी मी भामरागडच्या अलीकडच्या एका गावात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. समोर गोटुल होतं, म्हणजे गावाने एकत्र जमायचं घर, आणि अंगणात सगळी ग्रामसभा. आमचा रिझवान लॅपटॉप मांडीवर घेऊन साइट कशी चालते ते दाखवत होता. लोक कौतुकाने पाहत होते. मग पुढच्या रांगेतल्या चैतीबाईंनी त्यांच्या माडिया भाषेत काहीतरी विचारलं आणि बायका माना हलवू लागल्या.

ग्रामसभेचा सचिव सुनील याने आम्हाला मराठीत सांगितलं, "बाई म्हणतात, बटण अध्यक्षानं एकट्यानं दाबाचं, तर आम्ही बाकीचे इथी काऊन बसलो?"

रिझवानने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. मग बाईंचा प्रश्न वहीत लिहून घेतला. हे काम हातचं गेलं असतं, तर आमची कंपनी गेली असती.

आता कंपनी म्हणजे काय होती ते सांगते. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतल्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि चंद्रपूरला राहायला आले. घरावर पाटी हवी म्हणून सत्तारभाई पेंटरांच्या दुकानात गेले. रिझवान त्यांचा मुलगा. दुकानाच्या मागच्या भागात एका टेबलावर तो राइस मिलची वेबसाइट बनवत होता. बापाकडे बोर्ड रंगवायला येणारं गिऱ्हाईक मुलाकडून साइट करून घेऊन जायचं. मी त्याचं इंग्रजी वाचलं, पेन मागितलं आणि दुरुस्त केलं. पाटी तयार झाली, तरी मी जातच राहिले.

वर्षभरात मी भागीदार झाले. माझं काम टेस्टिंगचं. टेस्टिंग म्हणजे साइट लोकांसमोर जाण्याआधी आपणच ती वापरून पाहायची, चुकीची बटणं दाबायची, अडखळायचं. सत्तारभाई म्हणायचे, "बाई हळू आहेत. बाईले जमलं, तर साऱ्या दुनियेले जमते." मी हे प्रशस्तिपत्र समजते.

टेबलाच्या जागी एका शिंप्याच्या दुकानावरची खोली आली, दोघांचे सात झाले. राजुऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत दुकानं, क्लासेस, मंगल कार्यालयं यांच्या साइट आम्ही केल्या. मग दुकानदारांना मोबाइलवरच फुकटात पानं मिळू लागली आणि साइट सगळ्यांना नकोशी झाली. एक दिवस रिझवानने मला हैदराबादच्या नोकरीचं पत्र दाखवलं. "बाई, अजून एक काम पाहातो. नाई मिळालं तर जातो." तो गेला असता तर बाकीचे सहा जण कोणाच्या भरवशावर राहणार? मी तर C-O-D-E एवढी चारच अक्षरं जाणत होते.

ते एक काम मिळालं. या भागातल्या ग्रामसभा आपल्या जंगलातला बांबू बोली लावून विकतात. अशा बऱ्याच ग्रामसभांचा एक संघ होता. त्यांना बोली साइटवर घ्यायची होती. संघाने दोन कंपन्यांना एकेक गाव चाचणीसाठी दिलं. एक बाहेरची मोठी कंपनी, दुसरे आम्ही. ज्याची चाचणी बरी, त्याला सगळी गावं.

आम्ही जगभर करतात तसंच केलं होतं. गावासाठी एक लॉगिन, म्हणजे आत जायची एक किल्ली, आणि ती अध्यक्षाच्या फोनवर. व्यापारी बोली लावतील, अध्यक्ष "हो" दाबेल, सौदा पक्का. चूक काय, तर तिथे अध्यक्ष कधीच एकटा हो म्हणत नाही. सगळे बसतात. एकाचाही आक्षेप असेल, तर निर्णय पुढे जातो आणि पुन्हा बसतात. दुसरी गोष्ट आम्हाला तिथे गेल्यावरच कळली. गावात नेटवर्क नव्हतं. ते शाळेमागच्या टेकडीवर मिळायचं. म्हणजे गाव बसणार गोटुलापाशी आणि बटण दाबलं जाणार टेकडीवर, जिथे अध्यक्षाशिवाय कोणी नाही.

परतताना आलापल्लीला चहाला थांबलो तेव्हा मी म्हणाले, "किल्ल्या पाच कर. पाच माणसं गावानेच निवडायची, त्यात दोन तरी बायका. पाचही जणांनी हो म्हटलं तरच सौदा. आणि एकाने जरी थांबा म्हटलं, तरी सगळं थांबलं पाहिजे."

"बाई, मग तर कोनीबी उठून थांबा दाबन. धंदा होणारच नाई."

"सुनीलला विचारू."

दोन दिवसांनी सुनील टेकडीवर आला तेव्हा त्याला फोन लागला. तो हसला. "सर, उगाच कोन थांबवते? थांबवलं का परत बसा लागते. बसलं का अर्धा दिवस गेला. ज्याच्या मनात खरंच खुपते, तोच थांबवते."

रिझवानने सगळं पुन्हा लिहिलं. गावाने पाच जण निवडले, त्यांत अध्यक्ष, सुनील आणि चैतीबाईही होत्या. मी टेस्टिंगला बसले आणि माझी नेहमीची यादी केली. पहिलाच मुद्दा असा होता, की हो दाबायच्या आधी माल कोण नेणार, काय दराने, आणि गाडी कधी येणार, या तीन ओळी मोठ्या अक्षरांत दिसल्या पाहिजेत. व्यापाऱ्याच्या फॉर्ममध्ये गाडीची तारीख अगदी तळाशी, बारीक होती. मला ती चष्मा लावूनही सापडली नव्हती.

बटणांचा प्रश्न सत्तारभाईंनी सोडवला. एका पुठ्ठ्यावर त्यांनी ब्रशने दोन बटणं रंगवली, हिरवं आणि लाल, सारख्याच मापाची. पुठ्ठा समोरच्या पानठेल्यावर टेकवून ठेवला आणि रस्ता ओलांडून इकडे आले. बोर्ड ते असाच तपासायचे. डोळे बारीक करून म्हणाले, "लाल मोठं करा."

"काऊन अब्बा?" रिझवानने विचारलं.

"हो म्हनाची घाई साऱ्यांले असते. हो कुठीबी सापडते. थांबा शोधा नाई लागला पायजे."

बोलीचा दिवस एप्रिलच्या शेवटी होता. आम्ही सातही जण आणि सत्तारभाई एका स्क्रीनसमोर. मोठ्या कंपनीच्या गावाचा सौदा साडेदहालाच हिरवा झाला. तिथे सर्वात वरची बोली आपोआप मंजूर होत होती. संघाची माणसं दोन्ही साइट उघडून बसली आहेत हे आम्हाला माहीत होतं.

आमच्या गावाची बोली बंद झाली. दर चांगला होता. अकराच्या सुमारास अध्यक्षाचा हो आला. मग सुनीलचा. रिझवानने मूठ आवळली. तिसरं उत्तर आलं आणि स्क्रीन लाल झाली. थांबा.

दोन मिनिटांत व्यापाऱ्याचा फोन आला.

"मॅडम, अध्यक्ष ने हाँ बोला, फिर लाल कायको हुआ? तुमची साइट बिघडली."

"पाहून सांगते."

"पाहाचं काय त्यात? दर मीच जास्त देऊन राह्यलो ना?"

रिझवानने लॉग उघडला. लॉग म्हणजे कॉम्प्युटरने स्वतः लिहिलेली दैनंदिनी, कोणी कधी काय दाबलं याची. त्यात चैतीबाईंचा फोन होता. कारणाचा रकाना कोरा. चैतीबाईंना लिहिता येत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं, आणि कारण बोलून सांगायची सोय करायला आम्ही विसरलो होतो.

"चुकून दाबलं असन," कोणीतरी म्हणालं.

"मोठं केलं म्हणून दाबलं असन," रिझवान म्हणाला आणि बापाकडे पाहिलं. मी व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं, "साइट ठीक आहे. गावाने थांबवलं आहे."

"पूर्ण गावानं?"

"एका बाईंनी."

"एका बाईसाठी मी बसून राहू?"

"तसं ठरलं आहे," मी म्हणाले. आवाज शाळेतला लावला. आतून मला काही खात्री नव्हती.

दुपारी दोनला सुनीलचा फोन आला. गावाला सांगून पुन्हा टेकडी चढल्याने तो धापा टाकत होता.

"मॅडम, गाडीची तारीख पाहाली का तुम्ही? पंधरा जुलै! जुलैत आमच्याकडं गाडी कुठून येईन? नदी पुलावरून जाते."

गोटुलापाशी दर ऐकून सगळे खूश झाले होते. पाच जण टेकडी चढले. दोघांनी हो दाबलं. चैतीबाईंनी फोन हातात घेतला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलं आहे? "मी वाचूनच राह्यलो होतो मॅडम, तवर बाईचं बोट लालवर. मले म्हणाल्या, तुले वाचता येते, मग वाचत काऊन नाई?"

आमच्या खोलीत हसण्याचा असा आवाज झाला, की खालच्या शिंप्याने मशीन थांबवून वर पाहिलं.

व्यापारी मनाने वाईट नव्हता. तारीख त्याच्या कारकुनाने सवयीने टाकली होती. "इतकंच होतं तर आधी सांगाचं ना," म्हणत त्याने मे महिन्याची तारीख टाकली, दर तोच ठेवला. गाव पुन्हा बसलं. पाचही हो आले, शेवटचा चैतीबाईंचा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रक आले आणि नदी चढायच्या आत बांबू निघाला.

दुसऱ्या गावातही पावसाळ्यातलीच तारीख होती. तिथे ती कोणी वाचलीच नव्हती. तो बांबू दिवाळीपर्यंत रस्त्याकडेला भिजत पडला. त्याचा मला आनंद झाला नाही, माल गावाचा होता.

रस्ते सुरू झाल्यावर संघाचे अध्यक्ष स्वतः आमच्या खोलीत आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, तुमची साइट आमच्यासारखीच हळू आहे. हेच पायजे होतं." सगळी गावं त्यांनी आम्हाला दिली.

ते गेल्यावर रिझवानने ड्रॉवरमधून हैदराबादचं पत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "घ्या बाई. पाठकोरं आहे. तुमच्या यादीले कामी येईन." मी त्याच्या मागच्या बाजूवर गावांची नावं लिहिली. जागा पुरली नाही.

त्या कामाच्या नावावर पुढची कामं आली. मधाची साइट, तांदळाची साइट, मग शेजारच्या राज्यातूनही बोलावणं. सातांचे तेवीस झालो. गडचिरोलीला दुसरं ऑफिस आहे आणि तिथे लोकांचे फोन सुनील घेतो. थांबा दाबल्यावर कारण बोलून सांगायची सोय आम्ही त्याच महिन्यात केली. त्यानंतर थांबा फार कमी वेळा दाबला गेला आहे. प्रत्येक वेळी कारण खरं निघालं.

माझ्यापुरता धडा एवढाच, की टेस्टिंगला हळू माणूस बसवावा आणि तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी.

सत्तारभाई आता नाहीत. मी आठवड्यातून दोनदाच जाते. साइट याआधी दोनदा नव्याने बांधली, आता तिसऱ्यांदा बांधत आहेत. इथपर्यंतचं पत्र नव्या डिझायनरने वाचलं आणि यादीतली ती ओळ खोडली. सत्तारभाईंचा पुठ्ठा तिच्या टेबलामागे टांगलेला आहे. चैतीबाईंचा नंबर अजून पाचांत आहे. लाल बटण अजून हिरव्यापेक्षा मोठं आहे.

तुमची आजी