हिरवा पडदा आणि फुईचं गाणं

व्हिडिओ एडिटिंग मी धुळ्यात शिकले, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत. पारोळ्याहून रोज एसटीने जायचे. शिकवणारे सर स्वतः अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढायचे. वर्गात आम्ही पाच जण, मुलगी मी एकटीच. पहिला महिना टायटलचा होता. अक्षरं एकेक करून उमटवली की मराठीत वेलांटी आधी यायची आणि अक्षर मागून. बाकीचे कंटाळून इंग्रजी अक्षरं घ्यायचे. मी अख्खा शब्द उमटवायची युक्ती शोधली. सर म्हणाले, "हात बरा आहे तुझा." तेवढ्यावर मी किती दिवस हवेत होते.

सरांना लग्नाच्या हंगामासाठी नवं गाणं हवं होतं. माझी फुई गाते, असं मीच सांगितलं. फुई म्हणजे वडिलांची मोठी बहीण. दिवसभर कापूस वेचायची आणि आमच्या भागात कुणाची हळद असली की गायला तीच. गाणी स्वतः जुळवायची. नवरदेवाच्या गावाला एसटीच जात नाही, मग आता नवरी जाणार कशी, अशी थट्टा करणारं तिचं एक गाणं होतं. ते तिने सरांच्या खोलीत उभ्या उभ्या एका दमात म्हटलं. सर खूश झाले. चित्रीकरण दुसऱ्या दिवशी ठरलं.

फुई ठेवणीतली साडी नेसून आली. मागे हिरवा पडदा लावला होता. कॉम्प्युटरवर तो हिरवा रंग काढून टाकायचा आणि तिथे हवी ती जागा दाखवायची. सरांनी बर्फाचे डोंगर निवडले होते.

"अक्का, बांगड्या काढा," सर म्हणाले. "हिरवं सगळं गायब होतं."

"मन्हा नवरा जित्ता शे," फुई म्हणाली. "मी नही काढस."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू द्या, मी करते काहीतरी.

कॉम्प्युटरवर पडदा काढला तशा हिरव्या बांगड्याही गेल्या. फुईच्या मनगटांना भोकं पडली आणि त्यांतून बर्फ दिसू लागला. मग मी मास्क घातले. मास्क म्हणजे चित्राचा हवा तेवढाच भाग राखून बाकीचा झाकणं. दोन्ही मनगटांभोवती ठिपके मांडायचे, हात हलला की ठिपके हलवायचे, कडा मऊ करायची, आणि एका सेकंदात अशी पंचवीस चित्रं. चार दिवस लागले. त्यानंतर मी पुष्कळ कामं केली, पण इतक्या निगुतीने एकही नाही.

सरांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. "काम झकास आहे. पण या बाईंना कोण बघणार? आवाज ठेव, चेहरा बदलू."

धुळ्यातलीच एक नाचणारी मुलगी आणली. तिने अर्ध्या दिवसात ओठ हलवून दिले. तिच्या मोकळ्या केसांचे मास्कही मीच केले. व्हिडिओच्या सुरुवातीला मी फुईचं नाव सोनेरी अक्षरांत टाकलं होतं. सर म्हणाले, "ते काढ. ओठ एकीचे आणि नाव दुसरीचं, कसं दिसेल?"

मी काढलं. पुढच्या आठवड्यापासून ते मला कामावर ठेवणार होते.

फुईला मी काहीच कळवलं नाही. तिने मात्र गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गाणं आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलाचा मोबाइल घेऊन आमच्या घरी आली.

"हाई पोर कोन शे?"

"सरांनी आणली."

"आवाज ते मन्हा शे."

"हो."

"मंग मी कोठे शे?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "फुई, बांगड्यांमुळे बिघडलं. सॉफ्टवेअरला हिरवं चालत नाही."

तिने विचारलं, काढल्या असत्या तर दिसले असते का? मी म्हणाले, "हो."

ती चहा न घेता गेली. मग कुणीही विचारलं की सांगायची, चूक माझीच, सरांनी सांगूनही मी ऐकलं नाही. ते माझ्या कानावर यायचं आणि मी गप्प बसायचे.

सरांकडे मी दीड वर्ष काढलं. एका व्हिडिओवर त्यांनी एडिटर म्हणून माझ्याऐवजी पुतण्याचं नाव टाकलं, तेव्हा मी भांडून बाहेर पडले. माझं नाव गेल्यावर अन्याय मला लगेच ओळखता आला. आता जळगावात माझा स्टुडिओ आहे आणि लग्नांची कामं भरपूर येतात.

मागच्या उन्हाळ्यात भावाची हळद होती. बायकांनी फुईला गायचा आग्रह केला. ती म्हणाली, "आते नही येत माले. मोबाइलवर लावा." कुणीतरी स्पीकरवर तेच गाणं लावलं आणि सगळ्या नाचायला उठल्या. फुई ओट्याच्या कडेला बसून हळद कालवत राहिली. मी कॅमेरा घेऊन समोरच उभी होते. तिने मला बोलावलं, माझ्या गालाला हळद लावली आणि विचारलं, "जेवनी का तू?"

मी हो म्हटलं. मी जेवले नव्हते.