हुहानामावशीची तीन मिनिटं

हुहानामावशीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते घंटा वाजल्यावर. शाळेच्या कुंपणाचं काम घेऊन मी कौन्सिलच्या सभेला गेले होते. गावकऱ्यांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळत. माझ्या आधी आमच्या शाळेत झाडलोट करणारी ही बाई उभी राहिली. तिने माओरीत आधी डोंगराला नमस्कार केला, मग नदीला, मग त्या सभागृहाला, आणि मग गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. आजोबांच्या धाकट्या बहिणीपर्यंत आली आणि घंटा वाजली. ती शांतपणे खाली बसली. ती कशासाठी आली होती ते कुणालाच कळलं नाही.

बाहेर मी विचारलं.

"भिंतीसाठी," ती म्हणाली.

आमच्या 'ते पुआहा' गावाची जुनी दफनभूमी नदीच्या मुखाशी, वाळूच्या टेकडीवर आहे. बोटींतून गोरे लोक आले, त्यांत माझेही पूर्वज होते. त्यांनी जमीन मोजून बंदराचं गाव आखलं, तेव्हा सर्व्हेवाल्याने नकाशात त्या टेकडीवर एकच शब्द लिहिला : वाळू. कौन्सिलच्या कागदांत ती अजून वाळूच होती. समुद्र आत सरकायला लागला तेव्हा दगडी भिंत सुट्टीच्या बंगल्यांपुढे बांधली गेली आणि टेकडीच्या अलीकडे थांबली. नुसत्या वाळूसाठी भिंत कोण बांधणार? मावशीची आई, दोन भाऊ आणि तान्ही असताना गेलेली मुलगी त्या वाळूत होती.

मी तिला भाषण लिहून दिलं. मास्तरकीची खोड. डोंगर, नदी, नावं सगळं गाळून फक्त भिंतीचं ठेवलं. पुढच्या सभेत तिने ते दोन मिनिटांत वाचलं. मुद्देसूद बोलल्याबद्दल सभापतींनी आभार मानले आणि पुढचा विषय घेतला.

परतताना आमची गाडी पुलावर आली. ती म्हणाली, "बाई, आज मी लोकांच्या घरात शिरले आणि माझ्या माणसांना दाराबाहेर उभं केलं. मागायला गेले होते तेही त्यांच्याचसाठी."

त्यानंतर मी तिला कधी काही लिहून दिलं नाही.

पुढे काही वर्षांनी कौन्सिलने ठराव केला, की माओरी मतदारांनी निवडायची एक खुर्ची ठेवायची. कोण उभं राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा चुलतभाऊ विरेमू मासे धरायचा आणि कुणाचीही खोडी काढायचा. तो म्हणाला, "ताई, तू निवडून आलीस तर सभा दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सुटेल."

"सुटू दे," मावशी म्हणाली. "टेबलाच्या त्या बाजूला घंटा नसते."

पण तेव्हाचा कायदा असा होता, की शंभरातल्या पाच मतदारांनी सह्या केल्या तर अशा खुर्चीवर सगळ्या गावाचं मत घ्यायचं. सह्यांचा कागद महिनाभर दुकानाच्या काउंटरवर होता. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या सह्या मी त्यावर ओळखल्या. त्यांच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती मीच. विचारलं तर म्हणत, मावशी चांगलीच आहे हो, पण वेगळी खुर्ची कशाला? शाळेच्या जत्रेत तिने तळलेले पाव खाऊन मोठी झालेली ही मुलं.

मतं टपालाने गेली. निकाल लागला तेव्हा ती माओरींच्या सभाघराच्या स्वयंपाकघरात रताळी सोलत होती. मीही सोलत होते. विरेमूने दारातूनच सांगितलं, दहातल्या सात जणांनी नको म्हटलं. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. मावशीने हातातलं रताळं पुरतं सोललं, पातेल्यात टाकलं आणि विचारलं, "आज भरती किती वाजता रे?"

त्याच हिवाळ्यातल्या वादळात टेकडीची समुद्राकडची बाजू खचली. वाळूत उरलेल्यांना घरच्यांनी वरच्या कुरणात नेऊन पुरलं. मावशीची आई आणि दोन्ही भाऊ तिथे वर गेले. मुलीचं काही हाती लागलं नाही.

मावशी आता एक्याऐंशी वर्षांची आहे. दर महिन्याला ती कौन्सिलच्या सभेला जाते, मी गाडी चालवते. ती भिंतीचं बोलत नाही, काही मागत नाही. डोंगर, नदी, आणि मग नावं. पहिलं नाव मुलीचं. घंटा वाजली की बसते.

येत्या बुधवारच्या यादीत तिचा नंबर दुसरा आहे.