खोल्या जाळ म्हणणारी आक्का

आक्का गेल्याचं मला उसाच्या फडात कळलं. सांगलीहून मास्तर स्वतः आले होते. बांधावर उभे राहिले. मी कोयता खाली ठेवला तेव्हा म्हणाले, "बापू, तुमची आक्का गेली." आणि तिथंच ढेकळांत बसून लहान मुलासारखे रडले. मास्तर तिच्या खोलीत भाड्यानं राहायचे, एवढंच तसं नातं.

पारूआक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान लढाईत ब्रह्मदेशात बॉम्बखाली गेले. पुरायलासुद्धा पुरतं काही सापडलं नाही, हे त्यांच्या पलटणीतल्या एकानं सांगितलं, ते तिनं तोंडाला पदर न लावता ऐकलं. सरकारकडून आलेल्या पैशांची जमीन घ्यावी, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं. "पोरी, जमीन जळत न्हाई." आक्का म्हणाली, "आवं, पन जमीन दीर कसनार, आन मी त्यांच्या तोंडाकडं बघनार. खोलीचं भाडं माज्या हातात यील." तिनं सांगलीत, विश्रामबागेकडं जाणाऱ्या रस्त्याला जागा घेतली.

माझ्या अंगात तेव्हा रग होती. मी म्हणालो, पाटल्या मोड, कर्ज काढू, आठ खोल्या बांधू. तिनं चारच बांधल्या. निम्मे पैसे पोस्टात, पाटल्या हातात. "बापू, समदं जळून गेलं तरी दुसऱ्या दिवशी मला भाकरी थापता आली पायजे. तेवढंच घालायचं. तुजी छाती मोठी आसंल, माजी केवढी हाय ती मला ठावं हाय." मला ती भित्री वाटली.

मग एका जानेवारीच्या अखेरीस दिल्लीतल्या खुनाची बातमी आली. मारेकरी ब्राह्मण, म्हणून आमच्या भागात ब्राह्मणांची घरं पेटू लागली. मास्तर ब्राह्मण, घरात अंथरुणाला खिळलेली आई. मी गूळ घेऊन सांगलीत आलो होतो, तो आक्काकडंच थांबलो. जमाव आला भर दुपारी. कुऱ्हाडी, काठ्या, रॉकेलचे डबे. म्होरक्या आमच्याच गावचा. लहानपणी आक्कानं त्याला कडेवर खेळवलेला.

"आक्का, मास्तरला भायेर काढ. तुज्या खोल्यांना हात लावत न्हाई."

आक्का मास्तरांच्या दारात विळा घेऊन उभी. "खोल्या जाळ," ती म्हणाली. "त्या माज्या हायत, दिल्या तुला. मास्तर माजा न्हाई, त्यो मला देता येत न्हाई."

पहिला दगड तिच्या कपाळावर बसला. मी पुढं झालो तर काठीनं माझं मनगट मोडलं, हाडाचा आवाज मला ऐकू आला. डबा घेऊन आलेल्या हातावर तिनं विळा चालवला. तो माणूस किंचाळत मागं पडला, रॉकेल आणि रक्त एकत्रच उंबऱ्यावर सांडलं. तेवढ्यात कुणीतरी पेटता बोळा छपरावर फेकला. खोलीला दार एकच, आणि दारात जमाव. शेजाऱ्यांनी पहारीनं मागची भिंत फोडली, मास्तरांना ओढून काढलं. म्हातारी आतच राहिली. आक्का धुरात शिरली. वरून जळते वासे पडत होते. ती त्या भगदाडातून बाहेर आली तेव्हा म्हातारी पाठीवर होती आणि आक्काचा डावा हात खांद्यापर्यंत सोललेला.

चारही खोल्यांची राख झाली. दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात तीन दगड मांडले आणि एका हातानं भाकरी थापली. मास्तरांना वाढली, मला वाढली. पोस्टातले पैसे काढून पावसाळ्याआधी खोल्या पुन्हा उभ्या केल्या. पण तो धूर तिच्या छातीत बसला तो बसलाच.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "आक्का, खोल्या जातील हे तू धरलंवतंस. जीव जाईल, हे धरलंवतंस का?" खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत ती थांबली. "न्हाई रं... तवा इचार केला आसता तर भ्याले आसते."

गेल्या आठवड्यात मी खोल्यांचं भाडं घ्यायला सांगलीला गेलो. नवा भाडेकरू म्हणाला, मागच्या दारानं चोर येतील, ते विटांनी बुजवू द्या. नव्या खोल्या बांधताना आक्कानं प्रत्येक खोलीला मागं दार काढलं होतं. गवंडीही तेच म्हणाला होता, आणि आक्कानं त्याला सांगितलं होतं, "चोर आत यायची भीती मला न्हाई. मानूस आत अडकायची हाय."

मी भाडेकरूला नाही म्हणालो. त्याच्या ट्रंका त्या दाराला लावलेल्या होत्या. मग आम्ही दोघांनी मिळून त्या बाजूला सरकवल्या.