पावलं मोजायला लावणारे अप्पा

लेन्स मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला फोटोअप्पा आधी चालायला लावत. काचेच्या कपाटाकडे हातसुद्धा नेत नसत. "पोरगी खो-खो खेळती म्हणता ना? मंग पालक उभे राहतेत त्या दोरीपासून लांबच्या खांबापर्यंत पावलं मोजून या. लेन्सचं मागून बघू," एवढं बोलून ते पुन्हा पासपोर्ट फोटो कापायला लागत. मी कॉलेजात शिकवणारा माणूस. चार व्हिडिओ बघून, लेन्सचे आकडे पाठ करून गेलो होतो. मुकाट्याने लातूरच्या आमच्या पोरीच्या शाळेच्या मैदानावर गेलो आणि भर उन्हात पावलं मोजली. सरावाला आलेल्या पोरी हसत होत्या आणि माझी शिवानी, हा आपला बाप नव्हेच अशा चेहऱ्याने दुसरीकडे बघत होती.

अप्पा मूळचे उदगीरचे. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बऱ्याच खिशांचं जाकीट, आणि नको म्हणायचं झालं की तोंडात कानडी "बेडा". मी सगळ्यांत मोठ्या आकड्याची स्वस्त, नवी कोरी झूम लेन्स पसंत केली तेव्हा त्यांनी तीनदा बेडा म्हटलं. "सर, हिच्यात लांबचं लई दिसतंय, पण हात जरा हलला की समदं पुसट. आन हिचा फोकस लागस्तोवर पोरगी खांबाला हात लावून माघारी येती. मोठ्या आकड्याच्या नादी लागू नका."

मग त्यांनी दुसरी काढली. आकड्याने लहान, वापरलेली, पण हाताची थरथर सांभाळून घेणारी. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाकडून आली होती. आत बुरशी नाही ना, हे त्यांनी टॉर्च लावून दोनदा बघितलं. तेवढ्यावर विकून मोकळे होतील तर ते अप्पा कसले! स्कूटर काढून माझ्याबरोबर मैदानावर आले, शिवानीला आमच्या दिशेने पुन्हा पुन्हा पळायला लावलं. "पोरीच्या पापण्या दिसाया पायजेत. दिसल्या तर लेन्स तुमची, न्हाई तर माझी." ती दमून रडकुंडीला आली तेव्हा कुठे एका फोटोत पापण्या दिसल्या. अप्पांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

त्या शाळेच्या क्रीडासप्ताहाचे फोटो कित्येक वर्षं अप्पाच काढत. जिंकणारीपेक्षा त्यांचा कॅमेरा बाद झालेल्या पोरीवर जास्त. "जिंकलेलीला समदेच बघतेत, सर. बाद झालेली गुडघे झाडून कशी उठती ते बघा. तिच्या घरच्यांनी तेच बघितलेलं नसतंय." पालकांनी मागितला असो वा नसो, प्रत्येक पोरीच्या हातात तिचा एक फोटो जायचाच. मोबाइल आल्यापासून दुकानात माशा मारायची वेळ आली होती. बारशी गेली, वाढदिवस गेले. क्रीडासप्ताह तेवढा उरला होता. तो जवळ आला की अप्पा जाकीट स्वतः धुतात, असं त्यांच्या घरचे सांगत.

आणि तोच मी काढून घेतला. दुसरा शब्द मला सापडत नाही.

अप्पा शिकवत गेले तसे माझे फोटो चांगले येऊ लागले. मी ते पालकांच्या ग्रुपवर टाकायला लागलो. वा सर, क्या बात है सर! अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढच्या क्रीडासप्ताहाआधी मुख्याध्यापक म्हणाले, "यंदा अप्पांना कशाला बोलवायचं? तुम्ही आहात की." त्यांचं काम आहे ते, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "काढतो की." वर घरी येऊन हे कौतुकाने सांगितलंसुद्धा.

अप्पांना कुणीच कळवलं नव्हतं. ते धुतलेलं जाकीट घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून आले. दोरीच्या ज्या कोपऱ्यात ते उभे राहत, तिथे मी उभा होतो. क्रीडाशिक्षकांनी माझ्यादेखतच त्यांना सांगितलं. अप्पांनी गळ्यातला कॅमेरा काढून पिशवीत ठेवला. मला म्हणाले, "सर, जरा डावीकडं सरका. इथून पोरींच्या तोंडावर सावली यायलीय." आणि पालकांत जाऊन बसले. मी सरकलो. फोटो उत्तम आले.

त्यानंतर वर्षाच्या आतच दुकान बंद झालं आणि अप्पा उदगीरला लेकीकडे राहायला गेले. अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू गेल्याचं कळलं, तरी जायला माझे पाय उचलत नव्हते. शेवटी एका रविवारी बस धरली. काय बोलायचं ते वाटेत मनाशी घोकत होतो.

मला बघताच खाटेवरून अप्पांनी उजवा हात वर केला. "शरणार्थ, सर!" हा त्यांचा नेहमीचा नमस्कार. जीभ जड झाली होती, पण समजत होतं.

"अप्पा, त्या क्रीडासप्ताहाचं मला..." मी सुरुवात केली.

"हाव, हाव. फोटो आणलेत ना? दाखवा की."

मी मोबाइल पुढे धरला. एकेक फोटो त्यांनी सावकाश बघितला. "माझ्या कोपऱ्यातून काढले का?"

"हो, अप्पा."

"तिथून झकास येतंय," ते म्हणाले आणि आतल्या दिशेने हाक मारली, "महादेवी, बघ, सर आभार मानाया लातूरहून आले! यांना लेन्स मीच निवडून दिली."

त्यांची लेक महादेवी दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. क्रीडासप्ताहाचं तिला सगळं ठाऊक होतं. मला रडू आवरेना, तर अप्पा मलाच थोपटायला लागले. निघताना अंगणात मी तिला म्हणालो, "ताई, मी माफी मागायला आलो होतो. परत आत जातो."

"नका," ती म्हणाली. "लई दिवसांनी हसलेत. तसंच समजू द्या."

मी आत गेलो नाही. महिन्याभरात अप्पा गेले. मी आभार मानायला आलो होतो, असंच समजून गेले.