अंगणातले पिंजरे

पोहे भिजवून ठेवले होते. वरच्या खोल्यांतल्या क्लासच्या पोरी पाण्यासाठी हाका मारत होत्या, तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर अकरमभाई, हात धुळीने भरलेले.

"ऋतुजाला उठवा, वहिनी. उंदरं बाहेर काढलेत मी."

पहाटे जमीन जराशी हलली होती. आम्ही कूस बदलून झोपलो; लातुरात माणूस एवढं शिकतंच. अकरमभाई शिकले नाहीत. मोठ्या भूकंपात त्यांच्या दगडी घरातून बायको जिवंत निघाली, चार वर्षांची लेक बानो निघाली नाही. तेव्हापासून ते छताखाली झोपत नाहीत. कोचिंग क्लासमध्ये शिपाई होते तेव्हाही खाट फाटकापाशी. पोरी म्हणायच्या, "चाचा, आत या, डास फोडून खातील." हे म्हणायचे, "डासाला वजन नसतं, बेटा."

आमची ऋतुजा त्याच पोरींतली. पुढे कॉलेजात संशोधनाला लागली तेव्हा तिनेच त्यांना प्रयोगाच्या उंदरांच्या खोलीवर कामाला लावून घेतलं.

तिचं काम तिने मला भाकरी थापताना समजावलं होतं. रोगाशी लढणाऱ्या पेशींना आवरून धरणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. त्या सगळ्याच काढल्या तर शरीर स्वतःवरच उठतं नि उंदीर मरतो. म्हणून औषध देऊन थोड्याच कमी करायच्या आणि आवर कसा सुटत जातो ते बघायचं. त्यात बाहेरचं काही मिसळू नये म्हणून खोलीत हवासुद्धा गाळलेली. तिची पीएचडी याच उंदरांवर होती.

आणि ते पिंजरे आता कॉलेजच्या अंगणात, लिंबाखाली. झाकणंही काढलेली.

"घाबरून राहिले होते, म्हणून काढली," अकरमभाई म्हणाले.

औषध दिलेले उंदीर पुढच्या दिवसांत सुजले, त्यांचे केस गेले, एकेक करून मेले. आवर सुटल्याने की बाहेरच्या धुळीने, हे आता कुणालाच सांगता येईना. दोन वर्षांचं काम गेलं.

"चाचा, खोली पडली नसती," ऋतुजा एवढंच म्हणाली.

"त्या वक्तालाबी आदी असेच हादरे व्हायचे. मीच म्हणलो होतो, झोप बानो, काय होत न्हाई."

तिचे गाईड सर अकरमभाईंना कामावरून काढायला निघाले होते. ऋतुजा भांडली, ते राहिले. नवे उंदीर आले त्या सकाळी अकरमभाई परत आमच्या दारात. चहा घेतला नाही. उंदरांच्या खोलीची किल्ली ओट्यावर ठेवली.

"खोली झाडीन, दाणापाणी करीन. पर रातची किल्ली माझ्यापाशी ठिवू नको, बेटा. जमीन हलली तर मी परत काढीन त्यास्नी."