दाराबाहेर बसवणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते संशयाने. गुन्हा कसलाच नव्हता. मंगरूळपीरच्या बसस्थानकामागे, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांनी समुपदेशन केंद्र उघडलं होतं. बाया एकट्या जिना चढून वर जात आणि तासाभराने खाली येत. आत काय चालतं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्या पैसे घेत नाहीत असं कळलं, तेव्हा तर मी जास्तच सावध झालो. पैसे न घेणारा माणूस दुसरं काहीतरी घेत असतो, असा माझा नोकरीतला अनुभव. मी पोलीस खात्यात जमादार होतो. ताईंच्या एकसष्टीच्या या ग्रंथात डॉक्टर-प्राध्यापकांच्या रांगेत मला का बसवलं, याचाही मला थोडा संशय आहेच.

ओळख झाली ती एका भांडणातून. नवरा-बायकोची तक्रार ठाण्यात आली आणि साहेबांनी त्यांना ताईंकडे न्यायला सांगितलं. मी आनंदाने गेलो, कारण आतलं सगळं बघायची आयतीच संधी होती. सुनेबरोबर सासू, नवरा, दीर, गावातले जाणते, असा जीपभर गोतावळा आला. आपल्याकडची रीतच ती. सासूबाईंनी बसल्याबसल्या सांगून टाकलं, "बाई, इले चांगलं समजावून सांगा अन् याच गाडीत बसवून द्या. आमची काई हरकत नाही."

"तुमची हरकत नाही, बरं झालं," ताई म्हणाल्या. "आता तिची हाय का नाही, ते तिले इचारते. तुमी सगळे बाहेर बसा."

सगळ्यांत मीही आलो. खाकी वर्दीला असं बाहेर बसवणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बाकीचे खाली उतरले. मी मात्र जिन्यावर थांबलो आणि दाराला कान लावला.

आतून ताईंचा आवाज आला, "हे पाय बाई, मी तुले सासरी जा म्हननार नाही, अन् माहेरी जा म्हननार नाही. माह्यापाशी गोळी नाही, अंगारा नाही. एका दिवसात बरं वाटन, असं बी सांगत नाही. बोलता बोलता कदी जास्तच तरास होते. तू बोलशीन ते मी कोनाले सांगनार नाही. फक्त तुह्या जिवाले, नाहीतर दुसऱ्या कोनाच्या जिवाले धोका दिसला, तं मले सांगा लागन. पन पहिले तुले सांगीन, मंग दुसऱ्याले. मधातच उठून जावंसं वाटलं तं जाय. पटलं का?"

त्या बाईने मान हलवली असावी. ताई म्हणाल्या, "मान नोको हलवू. मी काय म्हटलं, ते तुह्या तोंडानं सांग."

मग ती बाई बोलली, "मंजे तुमी मले गाडीत बसवून देनार नाही."

"नाही."

"अन् तो पोलीस?"

तेवढ्यात दार उघडलं. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जमादार साहेब, खाली चहा चांगला भेटते."

मान हलवण्याची ती गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. ठाण्यातही लोक प्रत्येक गोष्टीला मान हलवतात आणि आम्ही ते होकार म्हणून लिहून घेतो. तरीही माझा संशय गेला नाही. उपदेशच करायचा नाही, तर ही बाई करते काय? मी गुपचूप चौकशी सुरू केली. काही लोकांना ताई "हे माझ्या आवाक्यातलं नाही" असं स्पष्ट सांगून वाशीमच्या डॉक्टरांकडे पाठवत. तिथे मला कमिशनचा वास आला. तसलं काही निघालं नाही. खालच्या चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, मी रोज वरतं चहा नेतो, पन मी खोलीत पाय टाकला का बोलनंच बंद!" काहीच सापडलं नाही, म्हणून मी आणखी नजर ठेवली.

पुढे माझ्याच घरावर वेळ आली. माझी थोरली मुलगी वैशाली शिरपूरला दिलेली. एकदा माहेरी आली आणि गप्पच झाली. ताट पुढे ठेवलं की नुसती बघत बसायची. माझी बायको तिला ताईंकडे नेऊ लागली. मी ताईंना गाठून म्हणालो, "मी बाप हाय. माही परवानगी हाय. ती काय बोलते, ते मले सांगत जा."

"तुमची परवानगी तुमच्यापुरती," ताई म्हणाल्या. "वैशालीची वैशालीपाशी."

माझं डोकं फिरलं. ही बाई पोरीचे कान भरते, सासरच्यांविरुद्ध नाही तर माझ्याविरुद्धच, असं मला वाटायचं. मी घरी आडून आडून विचारू लागलो. एक दिवस वैशाली म्हणाली, "बाबा, आपन ठान्यात हाओ का?"

मग ती दुपार आली. मी अंगणात तूर वाळत घालत होतो. फाटकातून वैशाली आली आणि तिच्यासोबत निर्मलाताई. ताई आमच्या घरी कधीच आल्या नव्हत्या. जिवाला धोका दिसला तर सांगावं लागेल, हे जिन्यावर ऐकलेलं वाक्य मला आठवलं आणि मी तूर तशीच टाकून उठलो.

ताईंनी आधी वैशालीला विचारलं, "तू सांगतं का मी सांगू?"

"तुमी सांगा. ठरलं तेवढंच."

"साहेब," ताई म्हणाल्या, "पोरीच्या मनात जीव द्यायचे विचार येऊन राह्यले. तिले एकटं सोडू नका. आत्ताच वाशीमले डॉक्टरकडे नेऊ, मी संग येते."

"पन काहून? कोनं काय केलं?"

"ते सांगाचं ठरलं नाही."

माझा राग उफाळून आला, पण वैशालीने ताईंचा हात धरला होता, तो मला दिसला. आम्ही गेलो. उपचार झाले, ताईंकडचं बोलणंही चालू राहिलं. आज माझी लेक वाशीमला नोकरी करते, खळखळून हसते, माझ्याशी भांडते. त्या दिवसांत नेमकं काय झालं होतं, हे मला आजही माहीत नाही. माझ्यासारख्याला हे फार जड जातं. पण ताई मला दर आठवड्याला सगळं सांगत गेल्या असत्या, तर वैशालीने त्यांना सांगणं कधीच बंद केलं असतं, आणि त्या दुपारी माझ्या अंगणात कोणीच आलं नसतं.

निवृत्तीनंतर मला झोप येईना, तेव्हा मीही तो जिना चढलो. ताईंनी मलाही तेच सगळं सांगितलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं. पुढे वैशालीने त्यांना विचारलं, "बाबा काय बोलतेत तुमच्यापाशी?" तिलाही खालच्या चहाचं कौतुक ऐकून परत यावं लागलं.

ताई, तुम्हाला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. तो जिना चढण्याचं बळ तुमच्या गुडघ्यांत राहो आणि आमच्यासारख्यांना बाहेर बसवण्याचा तुमचा कडकपणा कधी कमी न होवो.

हा लेख समितीकडे देण्याआधी मी वैशालीला वाचून दाखवला आणि छापू का, म्हणून विचारलं. तिने मान हलवली. मी म्हणालो, "तसं नाही चालत, तोंडानं सांग." तिने थोडा विचार केला आणि मधला एक परिच्छेद काढायला लावला. मग म्हणाली, "आता छापा." मी तो परिच्छेद काढला. काहून, हे विचारलं नाही.