एक तारखेपासून

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर संकल्पांचा बाजार भरतो. कोण साखर सोडणार, कोण पहाटे उठणार. मी आता अंगठासुद्धा टाकत नाही. माझे चालायचे बूट असेच एका एकतीस तारखेला केबिन रोडवरून घेतलेत. ते घालून मी फक्त भाजी आणायला जातो. ते हसून सोडून देता येतं. आईच्या मशेरीचं तसं नाही.

आम्ही भाईंदरचे जुने आगरी. मिठागर गेलं, भातशेतीवर बिल्डिंग उभी राहिली आणि तिच्याच तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहायला आलो. आईनं जुन्या घरातलं बरंच काही टाकलं, मशेरीचा तवा मात्र आणला. महिन्यातून एकदा ती गॅलरीत तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि पावडरच्या जुन्या डब्यात भरायची. वरची गुजराती बाई खोकत ओरडायची, "आंटी, क्या जला रहे हो?" आई शांतपणे म्हणायची, "कुछ नहीं, दात घासने का है." मग सकाळ-संध्याकाळ स्टुलावर बसून बोटानं दातांना लावायची, उरलेली गालात धरून रस्ता बघत राहायची.

तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या सुरुवातीला, दाढ दुखते म्हणून तिला मीरा रोडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा मला दाखवला. "मशेरी आजपासून बंद. पंधरा दिवसांनी परत आणा, चट्टा तसाच असेल तर तुकडा काढून तपासायला लागेल." आजपासून म्हणाल्या. मी नीट ऐकलं होतं.

घरी आल्या आल्या आईनं डबा उघडला. मी हात धरला. "आता न्हाय रं," ती म्हणाली, "नवीन वर्षाला सोरीन. एक तारखेपासून." बायको माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आई स्वतःहून तारीख देतेय, हेच खूप झालं. कशाला भांडण, कशाला रडारड? मी म्हटलं, "चालेल. एक तारीख पक्की." जगाच्या संकल्पांना नावं ठेवणारा शहाणा मी!

मग व्हायचं तेच झालं. श्रावण लागणार म्हणून गटारीला दाबून खातात ना, तशी आईनं मशेरीची गटारी केली. दोन वेळांच्या चार वेळा झाल्या. डबा संपला तर पुन्हा तंबाखू आणून भाजली. मी तोंड उघडलं की म्हणायची, "एक तारीख झाली काय?" पंधरा दिवसांनी जायचं होतं, पण अजून सोडली नाही म्हणून बाई मला झापतील, या भीतीनं मीच ते पुढं ढकललं. एकतीसला उत्तनजवळच्या चौक गावातून पापलेट आणले, केक कापला, आईनं शेवटची मशेरी लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

एक तारखेला तिनं तवा भंगारवाल्याला देऊन टाकला. चिडचिड व्हायची, दिवसभर बडीशेप चघळायची. पण मशेरीला पुन्हा शिवली नाही. आमच्या घरात पाळला गेलेला हा एकमेव संकल्प.

आठवड्यानं डॉक्टरीणबाईंनी गाल बघितला. चट्टा पसरला होता, मध्ये लाल झाला होता.

"कधी सोडलीत?"

"एक तारखेपासून," आई ताठ मानेनं म्हणाली.

"मी महिन्यापूर्वी सांगितलं होतं."

आईनं कौतुकानं माझ्याकडे बोट केलं. "ह्यानंच तारीख पक्की केली."

बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तुकडा तपासायची चिठ्ठी लिहायला घेतली. झापलं असतं तर बरं झालं असतं.

तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, गालाचा आतला भाग काढावा लागला. आई आहे, बरी आहे. तोंड दोन बोटांएवढं उघडतं, भात मऊ करून एका बाजूनं खाते, आणि तारीख पाळल्याचं अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

त्या चार आठवड्यांनी किती फरक पडला, हे मी अजून डॉक्टरांना विचारलेलं नाही. दर तपासणीला निघताना ठरवतो, या वेळी विचारायचं. बाहेर आलो की म्हणतो, पुढच्या वेळी.